बाग कोणाची ?

कांहीं शब्द उच्चारतांक्षणींच ऐकणाराच्या मनांत विश्वास उत्पन्न करतात. 'भागीदारी' हा त्यांपैकीं एक होय. दोघे मिळून काम करणार, नफातोटा वांटून घेणार, एकाचें उणें दुसरा भरून काढणार, अशी सुखद कल्पना या शब्दाबरोबर मनांत येते. अलीकडे आपल्या शहरांतील उद्यानें, संग्रहालयें आणि जुन्या वास्तू यांच्या जीर्णोद्धाराविषयीं बोलणें निघालें कीं 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' हा मंत्र हटकून कानीं पडतो. महापालिकेजवळ जागा आहे पण लक्ष नाहीं. उद्योगपतींजवळ पैसा आहे, कामाचा उरक आहे, पण जागा नाहीं. दोघांची गांठ घालून दिली कीं नगरीचें नष्टचर्य संपलें, असा हा सरळ हिशेब आहे. हिशेब खोटा आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. मात्र भागीदारीचा कोणताहि दस्तऐवज हातीं आला म्हणजे वकील प्रथम एक प्रश्न विचारतो: भागीदार किती, आणि कोण कोण ? या प्रश्नाचें उत्तर मी समजत होतों तितकें सोपें नाहीं, हें मला एका जिन्याच्या पायरीवर कळलें. ती हकीकत आधीं सांगतों. तत्त्वचर्चा मागाहून करूं.

आमच्या वसाहतीच्या मागें महापालिकेची एक लहानशी बाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिची दशा पाहवत नव्हती. पाळण्यांच्या सांखळ्या तुटलेल्या, कारंज्याच्या हौदांत पावसाचें पाणी सांचून हिरवें झालेलें, रात्रीं दारुड्यांचा अड्डा. आणि माळी म्हणून नेमलेला मनुष्य महिन्यांतून किती दिवस येई, हें त्याच्या हजेरीपत्रकालाच ठाऊक! आम्हां रहिवाशांची एक समिति स्थापन झाली. एका कंपनीनें खर्च उचलण्याची तयारी दाखविली. महापालिकेकडे अर्ज करावयाचा होता, आणि समितींत प्राध्यापक मी एकटाच असल्यामुळें मसुदा करण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. तो मसुदा मीं मोठ्या हौसेनें केला. 'समाजाच्या सर्व थरांतील नागरिकांना' या बागेचा लाभ व्हावा, असें एक डौलदार वाक्य त्यांत होतें. आणि बाग 'योग्य वेळीं' उघडी राहील, असें दुसरें एक साधें वाक्य होतें. हें दुसरें वाक्य लिहितांना मला क्षणभरहि थांबावें लागलें नाहीं, ही गोष्ट येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों.

वर्षभरांत बागेचा कायापालट झाला. हिरवळ आली, दिवे आले, म्हाताऱ्यांसाठीं पाठ टेकतां येईल असे बांक आले. फाटकावर कंपनीच्या नांवाची पाटी आली आणि पाटीखालीं गणवेष घातलेला पहारेकरी आला. सकाळीं सहा ते दहा आणि सायंकाळीं चार ते नऊ, असे 'योग्य' तास ठरले. मी रोज सकाळीं तेथें फिरावयास जातों. पहारेकरी मला सलाम करतो. खरें सांगावयाचें तर तो सलाम मला आवडूंहि लागला होता.

एके दिवशीं महाविद्यालयास सुटी होती. दुपारीं दीडच्या सुमारास कांहीं कामासाठीं खालीं उतरत असतां, जिन्याच्या वळणावर, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पायरीवर बसून डबा खातांना दिसल्या. मला पाहतांच त्या गडबडून उठूं लागल्या.

"अहो, येथें कां बसलांत ?" मीं विचारलें.

"दोन घरांच्या मधला वेळ असतो, सर. घरीं जाऊन यायला पुरत नाहीं."

"मग पूर्वीं कोठें बसत होतां ?"

"बागेंत. चिंचेखालीं. चारपांच जणी असायचों आम्ही." आणि मग, जणूं माझीच समजूत घालावी अशा स्वरांत, त्या म्हणाल्या, "आतां बाग छान झालीय्, सर. पण दुपारची बंद असते ना."

त्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरें वाटलें असतें; तिला कांहीं उत्तर देतां आलें असतें.

या प्रसंगानें माझ्यापुरता मूळ प्रश्नच बदलला. 'बाग सुधारण्यासाठीं खासगी पैसा घ्यावा कीं नाहीं ?' हा प्रश्न मागें पडला. आणि 'जेथें पूर्वीं कोणीहि बसूं शके अशा जागेच्या फाटकाची किल्ली कोणाच्या हातीं असावी, आणि ती कोणाला विचारून फिरवावी?' हा प्रश्न पुढें येऊन उभा राहिला. माझ्या मतें या सर्व वादाचें मर्म येथें आहे. वादांतील दोन्ही पक्ष मात्र बहुधा पैशापाशींच अडून बसतात.

खासगी धनाचा सार्वजनिक वास्तूंशीं संबंध हा कांहीं आजकालचा शोध नव्हे. मुंबईच्या राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालय घ्या. त्याच्या इमारतीची कोनशिला १८६२ सालीं बसली आणि १८७२ सालीं ती लोकांसाठीं उघडली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट अशांनीं त्या कामीं खटपट केली. कांहीं रक्कम लोकवर्गणींतून आली, कांहीं नगरपालिकेनें दिली, उरलेला भार सरकारनें उचलला. म्हणजे ज्या योजनेला आज नवें नांव देऊन आपण नवी समजतों, ती या वास्तूच्या पायांतच घातलेली आहे. पुढें काय झालें ? १९७५ सालीं संग्रहालयाला भाऊ दाजींचें नांव मिळालें, पण नांवाबरोबर निगा मिळाली नाहीं. इमारत खंगत गेली, आंतील वस्तू धूळ खात पडल्या. अखेरीस २००३ सालीं महापालिका, 'इन्टॅक' ही वारसा-जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान या तिघांचा करार झाला. पांच वर्षांनीं, २००८ च्या जानेवारींत, संग्रहालय पुन्हां उघडलें. त्यापूर्वींच, २००५ सालीं, या जीर्णोद्धारास युनेस्कोचें आशिया-पॅसिफिक विभागांतील श्रेष्ठ पारितोषिक मिळालें होतें. सोनेरी नक्षीचे खांब, कांचेच्या कपाटांतील मातीच्या बाहुल्या, जुन्या मुंबईचे नकाशे, हें सारें पाहून बाहेर येणाऱ्या शाळकरी मुलाला करारांतील कलमें ठाऊक नसतात. त्याला आपल्या शहराचें एक हरवलेलें पान परत मिळालेलें असतें. करार झाला नसता तर तें पान वाळवीनें खाल्लें असतें.

दुसरें उदाहरण ओव्हल मैदानाचें. एका बाजूस उच्च न्यायालयाच्या व विद्यापीठाच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस समुद्राकडील घरांची रांग, यांमधला तो लांबट हिरवा पट्टा १९९० च्या दशकांत पार रया जाऊन पडला होता. तेथील रहिवाशांच्या संघटनेनें न्यायालयांत दाद मागितली आणि मैदानाची निगा आपल्या हातीं घेतली. मैदान सुधारलें, आणि विशेष हें कीं, सुधारल्यावरहि तें क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याहि पोरासाठीं मोकळें राहिलें. सुटीच्या दिवशीं तेथें एकमेकांत मिसळलेले अनेक सामने एकाच वेळीं चाललेले दिसतात. कोणाचा चेंडू कोणत्या सामन्यांतला, हें खेळणारांनाच कळतें.

तेव्हां, सार्वजनिक तें सारें सरकारनेंच सांभाळलें पाहिजे, दुसऱ्या कोणाचा हात लागला कीं तें विटाळलें, असें म्हणणारांनीं एका गोष्टीचा विचार करावा. दुर्लक्ष हीहि एक प्रकारची बंदीच आहे. कुलूप दर वेळीं लोखंडाचेंच असतें असें नाहीं. घाणीचें असतें, अंधाराचें असतें, भीतीचें असतें. आमची बाग मोडकळीस आली होती तेव्हां फाटकाला कुलूप नव्हतें. तरी दिवेलागणीनंतर कोणतीहि स्त्री आंत पाऊल टाकीत नव्हती, आणि आयांनीं मुलांना तिकडे पाठविणें सोडून दिलें होतें. ती बाग नांवानें सर्वांची होती, व्यवहारांत कोणाचीच नव्हती. आपल्याकडे 'सरकारी' या शब्दाचा एक अर्थ 'बेवारशी' असा झाला आहे, हें दुःखानें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या कांहीं लोकांचा राग पाटीवर असतो. देणाऱ्यानें आपलें नांव कोरून ठेवावें, हें त्यांना हलकेपणाचें वाटतें. मला तसें वाटत नाहीं. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी, वाद्यें, भांडीं अशा हजारों वस्तू जमविल्या आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. हे गृहस्थ कविता लिहीत त्या 'अज्ञातवासी' या नांवानें. पण संग्रहालयाला त्यांनीं नांव दिलें तें अकालीं गेलेल्या आपल्या लहान मुलाचें, राजाचें. त्या नांवाला अहंकार म्हणण्यास कोणाची जीभ धजेल ? नांव हें दात्याच्या मनाचें एक लहानसें समाधान आहे. तें आपण खुशाल द्यावें. नांवाच्या पाटीनें कोणाची वाट अडत नाहीं. वाट अडते ती पाटीच्या शेजारीं टांगलेल्या नियमांच्या फलकानें.

म्हणून देणगी पारखावयाची झाल्यास दात्याचें नांव किती मोठ्या अक्षरांत आहे तें पाहूं नये. त्यानें अट कोणती घातली तें पाहावें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनीं माहीम आणि वांद्रें यांना जोडणाऱ्या रस्त्यासाठीं १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ सालीं तो रस्ता वाहतुकीस खुला झाला. देणगीला आवाबाईंची अट एकच होती: या रस्त्यानें जाणाऱ्या कोणाकडूनहि टोल घेऊं नये. सर जमशेटजींविषयीं असेंच सांगतात कीं, सरकारनें मुंबईंत गुरचरणीवर फी बसविली तेव्हां त्यांनीं ठाकुरद्वाराकडे समुद्रकांठची जमीन विकत घेऊन गोरगरिबांच्या गुरांसाठीं ती मोकळी केली. या पतिपत्नींच्या देण्यांतील विशेष कोणता ? अट आहे, परंतु ती दात्याच्या सोयीची नाहीं. जो मनुष्य करार करतांना तेथें हजर नाहीं, ज्याचें नांव कोणाला माहीत नाहीं, जो उद्यां डोक्यावर पाटी घेऊन त्या रस्त्यानें जाणार आहे, त्याच्या वतीनें घातलेली ती अट आहे. माहीमकडे जाणाऱ्या मार्गाला लेडी जमशेटजींचें नांव आहे. त्यांना नांव मिळालें आणि आपल्याला रस्ता मिळाला. या व्यवहारांत कोणाचेंहि नुकसान झालें नाहीं.

हा विचार आपल्या परंपरेला नवखा नाहीं. विहिरी, तळीं, देवालयें, अन्नदान आणि आराम, म्हणजे बागा, यांना आपल्या धर्मशास्त्रांत 'पूर्त' म्हटलें आहे. आणि असें कांहीं बांधून झाल्यावर 'उत्सर्ग' नांवाचा एक विधि सांगितला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्याचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणें. तळें बांधणारा यजमान त्यावरील आपलें स्वामित्व टाकतो आणि तें सर्व भूतमात्रांना अर्पण करतो. त्यानंतर त्या तळ्याचें पाणी त्यालाहि पितां येतें, पण तें मालक म्हणून नव्हे. सर्व प्राण्यांपैकीं एक प्राणी म्हणून. मला या कल्पनेंत मोठी नैतिक सूक्ष्मता दिसते. बांधणें हें अर्धें कृत्य आहे. सोडून देणें हें दुसरें अर्धें. पहिलें अर्धें पैशानें होतें, दुसऱ्यास मन लागतें. आजच्या करारांत पहिल्या अर्ध्याचीं कलमें पानेंच्या पानें भरतात. दुसऱ्या अर्ध्यासाठीं मात्र एकच शब्द असतो, 'योग्य'.

पण येथें परंपरेचा गौरव करून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या समाजांत उत्सर्गाचे संकल्प सोडले गेले, त्याच समाजानें भूतमात्रांत माणसांचीच गणना करण्याचें नाकारलें. महाडचें चवदार तळें नगरपालिकेच्या ताब्यांत होतें. तें अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें असल्याचा ठराव नगरपालिकेनें १९२४ सालीं केला. तरी १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तें पाणी प्राशन करण्यास सत्याग्रह करावा लागला, आणि ओंजळभर पाण्यासाठीं लोकांनीं मार खाल्ला. पुढें नगरपालिकेनें आपला ठरावहि मागें घेतला. तळें सर्वांचें आहे हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाकडून येईपर्यंत १९३७ साल उजाडलें. त्या अन्यायाशीं आमच्या बागेच्या वेळापत्रकाची तुलना करणें अतिशयोक्तीचें होईल, आणि ती मी करीत नाहीं. मला त्यांतून एक बोध घ्यावयाचा आहे. जागा कागदावर सार्वजनिक असली म्हणजे ती सर्वांची होते असें नाहीं. कोणाला आंत घ्यावयाचें आणि कोणाला बाहेर ठेवावयाचें, हें ठरविण्याची ज्यांना संवय असते, ते ठरावाच्या आणि कराराच्या अक्षरांतूनहि आपली संवय चालवितात. आणि अशी संवय असलेले लोक बहुधा स्वतःला सज्जन समजत असतात. मी समजत होतों.

सरकारी ताब्यानेंच बागेचें फाटक सर्वांना सुलभ राहतें, असाहि भ्रम नको. राणीच्या बागेंत २०१७ सालीं पेंग्विन पक्षी लोकांस पाहावयास मिळाले आणि त्याच सालीं प्रौढ माणसाचें प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झालें. आईबाप आणि दोन मुलें अशा कुटुंबासाठीं १०० रुपये. निर्णय महापालिकेचा होता. फाटकावर कोणी भांडवलदार उभा नव्हता. पक्ष्यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे, हें खरें. पण गिरणगांवांतल्या तीन पिढ्यांनीं जी बाग आपली म्हणून पायांखालीं घातली, तिच्या दारांत बापाला खिसा चांचपावा लागला, हेंहि तितकेंच खरें.

आतां, भागीदारीच्या नांवाखालीं काय होऊं शकतें याचा अनुभव मुंबईनें घेतला आहे. मैदानें आणि बागा खासगी संस्थांकडे 'सांभाळण्यास' द्यावयाच्या आणि मोबदल्यांत त्यांना जागेच्या कांहीं भागावर बांधकामाची मुभा द्यावयाची, असें धोरण महापालिकेनें आंखलें होतें. नागरिकांच्या विरोधामुळें २००७ सालीं तें स्थगित झालें. २०१६ च्या जानेवारींत दत्तक देण्याचें धोरण पुन्हां मंजूर झालें आणि पुन्हां त्याच महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तें थांबवावें लागलें. 'सांभाळण्यास' दिलेल्या कांहीं मैदानांवर तोंवर सभासदांचे क्लब उभे राहिले होते. मूल दत्तक घेणारा मनुष्य त्याच्या डोक्यावर इमला बांधीत नाहीं; मैदान दत्तक घेणाऱ्यांना तेवढाहि संकोच वाटला नाहीं. ज्या शहरांत दर माणशीं मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास म्हणून सांगितली जाते, म्हणजे माणसाला धड आडवेंहि होतां येऊं नये इतकी, तेथें एका मैदानाचा कोपरा जाणें ही लहान गोष्ट नव्हे.

या बाबतींत आदर्श म्हणून नेहमीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्ककडे बोट दाखविण्यांत येतें. १९७० च्या दशकांत ती ८४३ एकरांची बाग ओसाड व धोक्याची झाली होती. १९८० सालीं नागरिकांनीं एक संस्था स्थापिली, देणग्या गोळा केल्या आणि बाग पुन्हां जिवंत केली. मालकी शहराचीच राहिली आणि आंत जाण्यास कोणाला एक पैसा पडत नाहीं. येथपर्यंत कौतुकच करावें. पण २०१२ सालीं एका धनिकानें या एकट्या बागेला १० कोटी डॉलर दिले, तेव्हां त्याच शहरांत एक अवघड प्रश्न उभा राहिला. दाता आपल्या खिडकींतून दिसणाऱ्या बागेला देतो. मग ज्या वस्तीच्या खिडक्यांतून धनिक पाहत नाहींत, तेथील बागांचें काय? श्रीमंत बागांच्या देणग्यांचा पांचवा हिस्सा गरीब वस्त्यांतील बागांना द्यावा, असा प्रस्ताव २०१३ सालीं तेथील एका लोकप्रतिनिधीनें मांडला. त्याचा कायदा झाला नाहीं. पण प्रश्न बिनतोड होता, आणि तो आपल्यालाहि लागू आहे. कंपन्यांनीं घेतलेल्या बागा चांगल्या वस्त्यांतच कां आढळतात ? खिडकीचें हें तत्त्व आपल्या प्रत्येकाच्या अंगीं मुरलेलें आहे. आम्हीं तरी आमच्याच मागची बाग निवडली होती. रेल्वेच्या पलीकडची, जेथें मुलें अधिक आणि झाडें कमी, ती निवडली नव्हती.

या साऱ्याचा निष्कर्ष मी असा काढतों. भागीदारी दोघांची आहे असें समजणें ही मूळ चूक होय. पैसा देणारा एक, जागा देणारी महापालिका दुसरी. पण जागा तरी महापालिकेची कोठें आहे? ती ज्यांच्या वतीनें सांभाळते त्यांची आहे. तेव्हां तिसरा भागीदार हाच खरा धनी, आणि करारावर सही नसते ती एवढ्या एकाचीच. तो दुपारीं झाडाखालीं डबा खातो, परीक्षेच्या दिवसांत घरीं जागा नाहीं म्हणून बागेच्या दिव्याखालीं वाचतो, कामावरून सुटल्यावर घरच्या कटकटीपूर्वीं घटकाभर नुसता बसून राहतो. त्याला समितीच्या बैठकीची सूचना जात नाहीं. तो गैरहजर असतो म्हणून त्याचा हक्क बुडत नाहीं; उलट जे हजर असतात त्यांच्यावरच त्याची जबाबदारी पडते. कायद्यांत अज्ञान मुलाच्या मिळकतीला पालक असतो, आणि पालकानें ती मिळकत आपल्या सोयीनें वापरली तर त्याला जाब द्यावा लागतो. फरक इतकाच कीं, हा तिसरा भागीदार अज्ञान नाहीं. त्याला विचारलें तर तो सांगूं शकतो. आम्ही विचारीत नाहीं.

खासगी धन अवश्य घ्यावें. पाटी लावावी, समारंभ करावा, हार घालावे. पण फाटकाची किल्ली देऊं नये. किती वाजतां उघडावयाचें, किती पैसे घ्यावयाचे, कोणाला उठवावयाचें, हे तीन अधिकार लोकांना जाब देणाऱ्या हातांतच राहिले पाहिजेत. ते पैशाबरोबर गेले म्हणजे नागरिक स्वतःच्याच घरीं पाहुणा होतो. आणि पाहुण्यानें कितीहि आदरातिथ्य झालें तरी वेळेवर उठावयाचें असतें. यावर कोणी म्हणेल, 'किल्ली दिली नाहीं तर पैसा कोण देईल ?' आवाबाईंनीं दिला होता. आजहि असे दाते असतील. नसतील तर ती गोष्ट आपल्या श्रीमंतीविषयीं कांहीं सांगते, बागेविषयीं नव्हे.

आतां माझ्या बागेचें काय झालें तें सांगून संपवितों. समितीच्या पुढल्या बैठकींत मीं दुपारचा विषय काढला. अध्यक्षांनीं शांतपणें करार उघडून दाखविला: बाग 'योग्य वेळीं' उघडी राहील. शब्द माझेच होते. दुपारच्या पहाऱ्याची तरतूद कंपनीच्या अंदाजपत्रकांत नाहीं, हें त्यांनीं दुसरें कारण सांगितलें. एक सभासद म्हणाले, "दुपारीं उघडी ठेवली तर लोक झोंपायला येतील." मीं विचारलें, "झाडाखालीं दुपारीं पडणें हा बागेचा दुरुपयोग केव्हांपासून झाला ?" दोघेतिघे हंसले, पण एक वृद्ध गृहस्थ गंभीरपणें म्हणाले, "सर, बाग पुन्हां पहिल्यासारखी होऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे." ती भीति खोटी नव्हती, त्या पहिल्या बागेंत त्यांच्या नातवाच्या पायांत कांच घुसली होती. दुपारच्या पहाऱ्याचा पगार आम्हीं रहिवाशांनीं वर्गणी करून द्यावा, अशी सूचना मीं केली. ती पुढील बैठकीवर टाकण्यांत आली, आणि त्या पुढील बैठकींत त्यापुढील बैठकीवर.

या वर्षीं कराराचें नूतनीकरण आहे, आणि मसुद्याचें काम संवयीनें पुन्हां माझ्याकडेच आलें आहे. 'योग्य वेळीं' हे शब्द मीं खोडले आहेत. त्या जागीं तास आंकड्यांनीं लिहावयाचे, असें ठरवून बसलों. पण मग वाटलें, कीं पुन्हां मीच ठरवीत आहें. म्हणून परवां बाईंना विचारलें, "दुपारची बाग उघडायची झाली तर किती ते किती उघडी असावी ?"

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बारा ते तीन पुरे, सर. आणि पाण्याचा नळ तेवढा चालू असूं द्या. तो बंद करून ठेवलाय् त्यांनीं."

रोज सकाळीं मी त्या नळावरून जातों. तो बंद आहे, हें मला ठाऊक नव्हतें.